काळ्या कागदातल्या सासूबाई

१

“भिंत फारच ओकीबोकी दिसतेय गं,” मोठ्या जाऊबाई म्हणाल्या आणि चहाचा घोट घेऊन त्या भिंतीकडे अशा बघत राहिल्या, जसं काही तिला ताप आलाय. त्यांच्या स्वतःच्या घरी भलीमोठी चित्रं आहेत. एकात घोडे पळतायत. दुसऱ्यात काय आहे ते त्यांनाही सांगता येत नाही, पण ते सोफ्याच्या रंगाला शोभतं म्हणे.

आम्ही नुकतेच या भाड्याच्या घरात राहायला आलो होतो. बाहेरची खोली लांबोडकी. एका टोकाला खिडकी, दुसऱ्या टोकाला स्वयंपाकघराचं दार आणि दोन्हींच्या मधे ही एवढी थोरली भिंत. आधीच्या भाडेकरूंनी तसबिरी काढून नेल्या, तिथे फिकट चौकोन उरले होते. कुठेही बसलं तरी नजर त्या चौकोनांवरच जायची.

विकतचं काही आणायचा प्रश्नच नव्हता. आणि घरात बनवायचं म्हटलं तर बनवणार कोण? नवऱ्याचं पंखे आणि पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान आहे. जगाच्या मोटारी जोडतो, पण घरात एक खिळा ठोकायचा म्हटला की “उद्या” म्हणतो. मी एका लॅबमधे दातांच्या कवळ्या बनवते. दिवसभर मेण, प्लॅस्टर आणि परक्या माणसांचे जबडे. संध्याकाळी घरी येऊन पुन्हा हात बरबटून घ्यायचे, ते जाऊबाईंच्या एका वाक्यापायी.

लेकीने मोबाइलवर एक सोपी युक्ती शोधून दाखवली. माणसाला टेबललॅम्पसमोर बाजूने बसवायचं. भिंतीवर वर्तमानपत्र चिकटवून त्यावर पडलेल्या सावलीची कड पेन्सिलीने गिरवायची. तो वर्तमानपत्राचा तुकडा कापून काळ्या कार्डपेपरच्या पाठीवर ठेवायचा, पुन्हा गिरवायचा, पुन्हा कापायचा. पांढऱ्या पुठ्ठ्यावर चिकटवलं, भोवती चौकट केली की झालं. कपाळ, नाक, ओठ, हनुवटी. काळ्या कागदात अख्खं माणूस ओळखू येतं.

घर बदलतानाची खोकी माळ्यावर पडली होतीच. त्यांच्या पुठ्ठ्यांच्या चौकटी कापल्या, त्यांवर जुन्या चादरींच्या पट्ट्या गुंडाळल्या. ते झकास जमलं. माणसं बसवायला मात्र नाकी नऊ आले. नवरा ऐन हनुवटीवर शिंकला, त्यामुळे कागदात त्याच्या हनुवटीला टेंगूळ आलं. माझी सावली लेकीने गिरवली आणि वर्षभराच्या बोलण्यांचा सूड माझ्या नाकावर उगवला.

सासूबाईंनी तर कहर केला.

“सावलीचं कसलं डोंबलाचं चित्र काढता? मी अख्खी इथे बसलीये की.”

“आई, हलू नका.”

“हलले नाही. श्वास घेतला. घेऊ ना?”

“घ्या. पण बोलू नका.”

“बोलतंय कोण माझ्याशी या घरात,” असं म्हणून त्या गप्प बसल्या, आणि मला त्यांची कड नीट मिळाली. धारदार नाक. आत गेलेले ओठ, कारण मी स्वतःच्या हाताने बनवलेली कवळी त्या लावत नाहीत. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात देखणं काम मोरीच्या कट्ट्यावर वाटीत पाणी पीत पडलेलं असतं. हनुवटी जरा पुढे आणि डोक्यामागे लिंबाएवढा अंबाडा. चौघांत त्यांचीच सावली सगळ्यात हुबेहूब उतरली, हे मला मान्य करावं लागलं.

चारही चौकटी मी चिकटपट्टीने लावल्या, कारण खिळ्यांचा “उद्या” अजून उजाडला नव्हता. सगळ्यांची तोंडं खिडकीकडे केली. स्वयंपाकघराकडे तोंड करून कुणाला टांगायचं नाही, एवढं मी ठरवलंच होतं.

२

एका सकाळी मी डबा भरून, केस आवरत बाहेर आले, तर सासूबाई स्वयंपाकघराकडे बघत होत्या. भिंतीवरच्या.

बाकीची तिघं खिडकीकडे, त्या एकट्या उलट्या. नाक माझ्याकडे, अंबाडा खिडकीकडे.

कामावर जायच्या घाईत हे असलं बघितलं की डोकंच फिरतं. मी लेकीच्या अंगावरचं पांघरूण ओढलं.

“आजीचं चित्र उलटं कुणी लावलं?”

“कुठलं चित्र?”

“उठ आणि बघ.”

“आई, मी झोपलेय. झोपलेली माणसं चित्रं लावत नाहीत.”

नवरा दाढी करत होता. त्याने आरशातूनच मला सांगितलं की ज्याने खिळा ठोकला नाही तो चित्र कशाला उलटं करील? या माणसाच्या आळसाचाही कधी कधी पुरावा म्हणून उपयोग होतो. राहिल्या सासूबाई. त्या खुर्चीत बसून पाय चोळत होत्या.

“मला दुसरे उद्योग नाहीत? आणि हात तरी पोचतो का माझा तिथवर?”

नव्हताच पोचत. मी चौकट काढली, चित्र सोडवलं. आधी ते चिकटपट्टीच्या बारक्या तुकड्यांवरच होतं. कार्डपेपर दोन्ही बाजूंनी काळा असतो. मीच कधीतरी धूळ पुसताना काढलं असेल आणि उलटं लावलं असेल, असा मी निकाल दिला. मला आठवत नव्हतं, पण मला गॅस बंद केल्याचंही आठवत नाही आणि तो बंद असतो. या वेळी डिंक आणला, चित्राच्या पाठीला सगळीकडे भरपूर फासला, वर कपडे धुवायच्या पावडरीचा डबा ठेवून दाबलं आणि उशीर झाला म्हणून लॅबमधे बोलणी खाल्ली.

३

डिंक वाळल्यावर चित्र पुन्हा वळलं.

त्या दिवशी मला घाई नव्हती. मी चौकट जेवणाच्या टेबलावर ठेवली, चष्मा लावला आणि एखाद्या पेशंटचा साचा तपासावा तशी तपासायला बसले. पुठ्ठा कुठे फाटलेला नव्हता. डिंक उखडलेला नव्हता. चित्र काढून उलटं चिकटवलं असतं, तर पुठ्ठ्याचा पापुद्रा नक्की निघाला असता. मी सुरीच्या टोकाने कड जराशी उचलून खाली बघितलं. पेन्सिलीची रेघ खालीच होती, जिथे असायला हवी तिथेच. म्हणजे कागद उलटा झालेला नव्हता. कागद होता तसाच होता. त्यातलं तोंड तेवढं दुसरीकडे होतं.

साच्याच्या कामात डावं-उजवं सारखं उलटं होतं. जबड्याचा ठसा घेतला की तो उलटा, त्यातून काढलेला जबडा सुलटा, मेणाचं पुन्हा आणखी काही. नवशिके त्यात हमखास गोंधळतात. मी नवशिकी नाही. तरीसुद्धा मी स्वतःला सांगितलं की डिंक लावताना घाईत गोंधळ झाला असेल, आणि रेघ मुळात दोन्ही बाजूंना असेल. हे पटत नव्हतं. पण दुसरं जे काही होतं ते त्याहून पटत नव्हतं.

वर्तमानपत्राचे तुकडे मी टाकले नव्हते, ड्रॉवरमधे होते. सासूबाईंचा शोधला आणि उलटा करून काळ्या चित्रावर ठेवला. कपाळ जुळलं. मान जुळली. नाक जुळलं नाही. वर्तमानपत्राचं नाक काळ्या नाकाच्या पुढे चांगलं नखभर येत होतं. हनुवटीही पुढे. मागचा अंबाडाही काळ्यात लहान झाला होता.

“कागद आक्रसला असेल,” नवरा टीव्हीवरची नजर न काढता म्हणाला. “दमट हवा आहे.”

“नाकच तेवढं आक्रसलं?”

“कागदच तो. त्याचं काय एवढं मनावर घेतेस?”

तो बोलला ते अगदी शहाणपणाचं होतं, म्हणून मला अधिकच संताप आला. माझ्या नवऱ्याच्या शहाणपणाची खासियत अशी की ते नेहमी त्याला जागेवरून उठावं लागणार नाही इतकंच असतं.

मी चौकट परत लावायच्या ऐवजी कपाटावर टाकायला निघाले, तर सासूबाई खुर्चीतून म्हणाल्या, “कुठे नेतेस?”

“खराब झालंय, आई. दुसरं करू.”

“दुसरं नको. लाव ते तिथेच. भिंतीवर तरी असू दे मला.”

त्यांनी हे मागे न बघता म्हटलं. त्यांच्या खुर्चीची पाठ माझ्याकडे होती. कधीतरी, कुणाच्या लक्षात न येता, त्यांनी खुर्ची भिंतीकडे तोंड करून वळवून घेतली होती. मी चित्र पुन्हा लावलं.

४

जाऊबाई परत आल्या तेव्हा मी मुद्दाम त्यांना भिंतीसमोर बसवलं. माणूस म्हणून मीही काही कमी नाही.

“अगंबाई!” त्या म्हणाल्या. “घरी केलंस हे? काय छान! हा माझा दीर, टेंगळासकट. ही लेक. ही तू... नाक जरा जास्तच झालंय का?” मग त्या चौथ्या चौकटीपाशी थांबल्या. “आणि आईंना पाठमोरं का बसवलंस?”

मी चहाचा ट्रे ठेवत होते. वर बघितलं.

नाक राहिलंच नव्हतं. हनुवटीही नाही. एक गोल डोकं होतं, दोन बाजूंना कानांचे दोन बारके उंचवटे, खाली मान आणि खांदे. आदल्या दिवशी मी धूळ पुसली होती तेव्हा नाकाचं निदान टोक तरी होतं, असं मी शपथेवर सांगितलं असतं.

“पाठमोरी कशावरून?” लेक बिस्किट खात म्हणाली. “समोरून पण असंच दिसेल. काळ्या कागदात कळतं कसं?”

मी त्या काळ्या गोलाकडे बघत राहिले. ती म्हणत होती ते खरं होतं. ते डोकं भिंतीकडे बघत असेल, किंवा ते सरळ आमच्याकडे, चहाच्या कपांकडे, माझ्याकडे बघत असेल. दोन्हींची कड एकच येणार होती.

“पाठमोरी कशाला?” सासूबाई खुर्चीतून म्हणाल्या. त्यांची खुर्ची आमच्याकडे पाठ करून होती. वर त्यांचा अंबाडा तेवढा दिसत होता. “बघतेच आहे की तुमच्याकडे. तुझ्या जाऊबाईला बिस्किटं दे अजून, तिची बशी रिकामी झाली.”

जाऊबाईंची बशी रिकामी झाली होती.

आम्ही सगळे हसलो. जाऊबाई जरा जास्त वेळ हसल्या आणि मग त्यांना अचानक घरचं काहीतरी काम आठवलं. दारात चपला घालताना त्या मला हळूच म्हणाल्या, “आईंना डॉक्टरांना दाखवून आण गं एकदा.” कशासाठी ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

५

त्यानंतर मी लक्ष ठेवायला लागले, आणि लक्ष ठेवण्याइतकं वैतागवाणं काम दुसरं नाही.

सासूबाई ठणठणीत होत्या. भूक चांगली होती. टोमणेही पहिल्यासारखेच. फक्त त्या पाठ करून असायच्या. सकाळी मी निघेपर्यंत त्या भिंतीकडे कुशीवर झोपलेल्या. संध्याकाळी खुर्चीत, भिंतीकडे. जेवणाचं ताट त्यांना तिथेच लागायचं. मी मागून ताट पुढे करायचे, त्या न वळता हात मागे आणून ते घ्यायच्या. आणि सगळं त्यांना दिसायचं. “दूध वर आलंय.” “तुझ्या बाहीला प्लॅस्टर लागलंय.” “पोरगी पुन्हा ओले केस घेऊन बसली.” टीव्ही बंद असला की त्याच्या काचेत खोली दिसते, मी स्वतःला सांगितलं. मग मी टीव्हीच्या काचेत वाकून बघितलं. काचेत खिडकी दिसत होती, आणि मी.

एकदा मी मुद्दाम मागे उभी राहून, आवाज न करता, त्यांना जीभ काढून दाखवली. या वयात. “लाज नाही वाटत?” सासूबाई म्हणाल्या.

त्या संध्याकाळी मी लेकीला स्वयंपाकघरात गाठलं.

“आजीचा चेहरा शेवटचा कधी पाहिलास तू?”

“हा काय प्रश्न आहे? रोज बघते.”

“काल पाहिलास?”

“काल ती तिकडे तोंड करून बसली होती. परवा...” तिने मोबाइल ओट्यावर उपडा ठेवला. हे आमच्या घरात क्वचित घडतं. “परवा मी तिचे पाय दाबले. म्हणजे ती पालथी झोपली होती. त्याच्या आधी... आई, तू माझ्या डोक्यात काहीतरी भरवू नकोस हं.”

नवऱ्याला विचारलं. तो पानावर बसला होता.

“आईचा चेहरा बघायचा काय त्यात?” तो म्हणाला. “पाठ आहे मला तो.”

एरवी मी या वाक्यावर हसले असते.

“मग सांग, तीळ कुठल्या गालावर आहे?”

तो जेवायचा थांबला. मग म्हणाला, “भाजीत मीठ कमी आहे का गं?” आणि मला कळलं की त्यालाही सांगता येत नव्हतं, आणि त्याहून वाईट म्हणजे मलाही येत नव्हतं. ज्या बाईच्या तोंडाचा ठसा मी माझ्या हाताने घेतला होता, हिरडीची घडी न घडी मला ठाऊक होती, तिच्या गालावर तीळ होता हेच तेवढं शिल्लक राहिलं होतं. बाकीच्या जागी, आठवायला गेलं की, काहीतरी गोल आणि काळं यायचं.

६

सुट्टीच्या दिवशी दुपारी लेक क्लासला गेली. नवऱ्याला कुणाची तरी पाण्याची मोटर अडली म्हणून बोलावणं आलं. घरात आम्ही दोघीच. खिडकीतून स्वच्छ ऊन येत होतं, खालून कुणाच्या तरी स्कूटरला किक मारल्याचा आवाज येत होता, ती काही सुरू होत नव्हती. घाबरायला जागाच नाही असली ती दुपार होती.

मी कवळी घासून धुतली आणि वाटी घेऊन बाहेर आले. निमित्त चांगलं होतं. तोंड उघडल्याशिवाय कवळी बसवता येत नाही, आणि तोंड उघडायला तोंड समोर लागतं.

“आई, आज लावून बघू. कडेला टोचत होती ती मी घासून आणलीये.”

“लाव,” त्या म्हणाल्या. इतक्या सहज, की मला संशयच आला.

माझ्यासमोर खुर्चीची पाठ होती आणि वर पांढरा अंबाडा. खुर्ची आणि भिंत यांच्यात माणूस आडवं होऊन जाईल एवढी फट होती. मी पोट आत घेतलं, गुडघा खुर्चीच्या पायाला आपटला, मनातल्या मनात सगळ्यांना शिव्या दिल्या आणि आत शिरले. भिंतीला पाठ लावून मी त्यांच्या समोर उभी राहिले आणि बघितलं.

पांढरा अंबाडा.

त्यांनी मान वळवली असणार. मी आत शिरत असताना त्या वळल्या असणार, माणूस वळू शकतं. मी त्यांच्या मांडीकडे बघितलं. मांडीवर शाल होती, गळ्यापासून पायांपर्यंत. गुडघे कुठल्या अंगाला आहेत ते शालीखाली कळेना.

“आई, सरळ बसा ना.”

“सरळच बसलीये. तू कशाला मागे गेलीस? समोर ये.”

आवाज खोलीच्या बाजूने आला. मी मघाशी जिथे उभी होते तिथून.

मी फटीतून बाहेर आले. पुन्हा गुडघा आपटला, त्याच जागी. खोलीच्या बाजूने खुर्चीसमोर उभी राहिले. खुर्चीची पाठ, तिच्यावर अंबाडा. त्यातून सुटलेली एक बट मानेवर आलेली. मघाशी पलीकडून बघितली होती तीच बट.

“परत मागेच?” सासूबाई म्हणाल्या. आता आवाज भिंतीकडून आला. “काय लपंडाव मांडलायस गं? मला ताटकळत ठेवून?”

तेव्हा मला भीती वाटायला हवी होती. पण इतक्या दिवसांचा डिंक, पुठ्ठे, उशीर, गुडघा, सगळं एकदम डोक्यात गेलं आणि मी ओरडले. आजवर मी सासूबाईंवर आवाज चढवला नव्हता कधी.

“पुरे झालं आता, आई! तोंड फिरवून बसायचं तर बसा, पण मी काय घोडं मारलंय तुमचं? किती दिवस झाले, मी तुमचं तोंड बघितलेलं नाही!”

खाली स्कूटर सुरू झाली आणि निघून गेली.

“मी तोंड फिरवलंय?” सासूबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता. “मी इथे रोज तुमच्याकडे बघत बसते. येता जाता बघते. तुम्हीच पाठ करून वावरता सगळे. आधी पोरगा. मग तू. ती पोरगी तेवढी अजून बघते अधूनमधून. आत्ताही बघ ना. मघापासून मी तोंड उघडून बसलीये, आणि तू आपली माझ्याकडे पाठ करून उभी आहेस. हातात वाटी घेऊन.”

वाटी माझ्या हातात होती. मी ती दोन्ही हातांनी छातीपाशी धरली होती. पाठीमागून कुणाला दिसली नसती.

७

मी खुर्चीसमोर खाली बसले. समोर असेल किंवा मागे असेल, मला आता काही सांगता येत नव्हतं. वाटी जमिनीवर ठेवली.

“हात द्या, आई.”

शालीतून हात बाहेर आला. हात ओळखीचा होता, नखं मीच कापते त्यांची. तो मी धरला, आणि पुढे काय करायचं ते मला सुचेना, म्हणून माझ्या तोंडाशी नेला. म्हटलं, दिसत नसेल तर नसो, हाताला तर कळेल.

त्यांची बोटं माझ्या कपाळावर आली. कोरडी, गार बोटं. भुवयांवरून खाली उतरली. मी डोळे मिटले, त्यांनी पापण्यांना हात लावला. नाकावरून आली, नाकपुडीपाशी जराशी थांबली, ओठांवर टेकली. मला माझा श्वास त्यांच्या बोटांवर जाऊन परत येताना जाणवत होता. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्या तोंडावरून असा हात कधी फिरवला नव्हता.

“बघितलंत ना?” मी त्यांच्या बोटांआडून म्हटलं. “मी इकडेच बघतेय.”

सासूबाईंचा अंगठा माझ्या मिटलेल्या पापणीवरून हळूच फिरला.

“केस किती राठ झालेत गं तुझे,” त्या म्हणाल्या. “कंगवा तरी फिरवत जा.”

मी डोळे उघडले नाहीत. भिंतीवर माझी चौकट त्यांच्या चौकटीच्या शेजारी होती, मान वर केली असती तर दिसली असती. मी मान वर केली नाही. मी माझा हात त्यांच्या हातावर ठेवला आणि आम्ही तशाच बसून राहिलो. सासूबाई बोलत होत्या. पोरीच्या परीक्षेबद्दल, जाऊबाईंच्या नखऱ्यांबद्दल, नवऱ्याने लहानपणी घड्याळ उघडून त्याचा कसा चुराडा केला त्याबद्दल. मी हं हं करत होते. खूप दिवसांनी आम्ही दोघी अशा बोलत होतो. आवाज कधी समोरून येत होता, कधी माझ्या मानेमागून, पण मी त्याचा विचार करायचा नाही असं ठरवलं होतं.

८

ऊन खिडकीतून सरकून गेलं असावं, कारण फरशी गार लागायला लागली. दारात किल्ली फिरली.

“आई, क्लास लवकर सुटला,” लेकीचा आवाज आला, मग बॅग पडल्याचा आवाज. “जेवायला काही आहे का?”

मी डोळे उघडले आणि दाराकडे बघितलं. तिचा चेहरा होता. पुरा, समोरून, उन्हाने लाल झालेला, हनुवटीवर मुरुम, ओठाच्या कोपऱ्यात पेनाचा डाग. इतका बरा वाटला मला तो चेहरा की मला हसूच आलं. मी तिच्याकडे बघून चांगली मोठ्ठी हसले.

ती हसली नाही.

“खाली का बसलायत?” ती म्हणाली. “आई? आजी?”

“ये, बस आमच्यात,” मी म्हटलं. “आजीची कवळी लावतोय.”

ती पुढे आली. माझ्याकडे बघत होती, अगदी माझ्या डोळ्यांच्या जागी, पण तिची नजर कुठे ठरत नव्हती. मग ती खुर्चीच्या कडेने फटीत शिरली. बारीक आहे, तिला ते सहज जमतं. भिंतीच्या बाजूला गेली, आमच्याकडे बघितलं आणि पलीकडून बाहेर आली. क्षणभर थांबून उलट्या दिशेने पुन्हा आत शिरली.

“अगं घोडे, काय चाललंय तुझं?” मी म्हटलं.

“चक्कर येईल पोरी,” सासूबाई म्हणाल्या. “एका जागी उभी राहा.”

ती उभी राहिली नाही. ती आमच्याभोवती फिरत राहिली, आधी चालत, मग भराभरा. प्रत्येक वेळी पुढून गेली की मी तिच्याकडे तोंड करायचे, तोंड करून तिचं नाव घ्यायचे, आणि प्रत्येक वेळी तिच्या डोळ्यांत आणखी थोडं पाणी आलेलं असायचं. शेवटी ती दमून थांबली. दोन्ही हात पुढे केले, एक माझ्याकडे, एक आजीकडे, पण हात लावायचा तिला धीर होईना.

“वळा ना गं कुणीतरी,” ती म्हणाली.